चहाचे रसायन व आपल्या घरातील लोह

अंबाजोगाईच्या मोंढ्यात माल घेऊन आलेला शेतकरी आडत्याच्या दुकानी टेकला की पहिली विचारपूस चहाची होते. सोयरीक असो, शेताची मोजणी असो, की दुःखाच्या घरी भेटीस जाणे असो, चहावाचून ते कार्य पुरे झाले असे कोणास वाटत नाही. ज्या पदार्थाने आपल्या दिनक्रमात एवढे स्थान मिळविले, त्याच्या अंगी कोणती द्रव्ये आहेत व ती शरीरात जाऊन काय करितात, हे मात्र आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद व पालाश यांचे आकडे आपण वाचून पाहतो. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी जपून ठेवितो. परंतु दिवसातून चार-पाच वेळा पोटात जाणाऱ्या चहाविषयी अशी चौकशी कोणी करीत नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी व तीतून निघणारी व्यवहाराची एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. चहा हा आपला शत्रू नव्हे. परंतु जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्या घरोघरच्या स्त्रियांच्या अंगी लोहाचीच वाण आहे.

चहाचे झाड व त्याचा आपल्याकडे प्रवेश

चहाचे झाड सदाहरित असून छाटणी न केल्यास ते चांगले उंच वाढते. मळ्यातून ते कमरेएवढे छाटून ठेवितात, म्हणजे वरचे कोवळे शेंडे हाताने खुडता येतात. या झाडास आम्ल जमीन लागते. सामू साडेचार ते साडेपाच असलेली, पाण्याचा निचरा होणारी जमीन, वर्षातील पुष्कळ महिने पडणारा पाऊस व दमट हवा ही त्याची आवड. बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या पायथ्याशी आपली जी काळी, चुनखडीची जमीन आहे तिचा सामू आठाच्या आसपास असतो, पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि वैशाखात झाडाचे पान करपते. म्हणून आपल्याकडे चहाचा मळा होणे नाही. चहा आपण पिकवीत नाही, केवळ विकत घेतो. म्हणूनच तो पारखून घेणे अधिक अगत्याचे आहे.

आसामच्या रानात चहाचे झाड मुळातच होते व तेथील सिंगफो लोक त्याच्या पानांचा काढा करून पीत. रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्यास १८२३ साली त्याची माहिती झाली आणि १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला. तथापि पुढे पुष्कळ वर्षे तो माल परदेशीच जात असे. देशातल्या लोकांस चहाची सवय लागावी म्हणून १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसविला गेला, आणि त्या पैशातून जत्रा, रेल्वे स्टेशने व गिरण्या येथे चहा करून दाखविण्याची व फुकट पाजण्याची मोहीम पुढील काही दशके चालली. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार-पंचमांश चहा देशातच खपतो. तेव्हा ही आपली सवय सनातन नसून आजोबा-पणजोबांच्या काळात लागलेली आहे, हे ध्यानी ठेवावे.

महाराष्ट्रात चहावरून एक मोठा वादही होऊन गेला आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जी मंडळी जमली, तीत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. मिशनऱ्यांनी दिलेला चहा घेतल्याचे प्रकट होताच ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्या काळी प्रश्न होता तो चहा कोणाच्या हातचा घेतला हा. तो प्रश्न आता राहिला नाही. आजचा प्रश्न, चहा कोणत्या वेळी घेतला, हा आहे; आणि त्याचे उत्तर धर्मशास्त्रात नसून रसायनशास्त्रात आहे.

पानातील द्रव्ये

चहासाठी खुडतात ते टोकाची कळी व तिच्यालगतची दोन पाने. या कोवळ्या पानात तीन द्रव्ये महत्त्वाची आहेत.

पहिले कषाय द्रव्य. शास्त्रज्ञ यास पॉलिफेनॉल म्हणतात आणि व्यवहारात टॅनिन हे नाव रूढ आहे. वाळलेल्या कोवळ्या पानाच्या वजनात त्याचा भाग शेकडा पंचवीस-तीस इतका मोठा असतो. हिरडा किंवा कच्चे जांभूळ चघळले असता जीभ जशी आक्रसते, तसा जो तुरटपणा चहात येतो तो याच्यामुळे. त्यातील मुख्य घटकांस कॅटेचिन म्हणतात. मिचियो त्सुजिमुरा या जपानी विदुषीने १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले, आणि १९३२ साली कृषिशास्त्रातील डॉक्टर ही पदवी मिळविणारी ती जपानातील पहिली स्त्री ठरली. शेतीच्या मासिकात हे नाव आवर्जून घेण्याजोगे आहे.

दुसरे द्रव्य कॅफिन. याचे प्रमाण शेकडा अडीच ते चार असते. रुंगे या जर्मन रसायनज्ञाने १८१९ साली ते कॉफीतून काढले. १८२७ साली चहात एक द्रव्य आढळले व त्यास थेइन हे निराळे नाव मिळाले. परंतु ही दोन्ही एकच होत, असे १८३८ साली सिद्ध झाले. हे द्रव्य झाडाने आपल्यासाठी केलेले नाही. कोवळ्या पानावर किडी फार येतात. त्यांस हे कडू विष बाधते. आपण निंबोळी अर्क फवारतो, तशी झाडाने स्वतःच केलेली ही फवारणी होय. म्हणूनच कळीत व पहिल्या पानात ते अधिक आणि जून पानात कमी असते.

तिसरे थिअनिन. हे एक अमिनो आम्ल असून १९४९ साली जपानात त्याचा शोध लागला. ते झाडाच्या मुळात तयार होऊन पानात चढते आणि उन्हामुळे त्याचे पुढे कषाय द्रव्यात रूपांतर होते. यास्तव जपानातील काही मळ्यांत खुडणीपूर्वी झाडांवर सावली धरितात. त्यामुळे पानात थिअनिन टिकून राहते व चहा गोडसर लागतो.

हिरवे पान काळे कसे होते

खुडलेल्या पानात पाण्याचा अंश तीन-चतुर्थांशाहून अधिक असतो. ते प्रथम सुकवून मऊ करितात, नंतर यंत्रात चिरडतात. पान अखंड असेतो त्यातील कषाय द्रव्य व त्यावर क्रिया करणारे एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. चिरडल्यावर दोहोंची गाठ पडते, हवेतील प्राणवायू मिळतो व रंग पालटू लागतो. वांगे किंवा सफरचंद कापून ठेविले असता तांबूस होते ती हीच क्रिया. कारखान्यात तीस आंबविणे म्हणतात, परंतु ताक-दह्याप्रमाणे यात जंतूंचे काही काम नसते. या क्रियेत कॅटेचिनपासून दोन नवी द्रव्ये होतात. थिआफ्लेविन सोनेरी-नारिंगी असून चहास तेज देते. थिआरुबिजिन तांबूस-तपकिरी असून चहास रंग व घट्टपणा देते. नंतर कढत हवेने पान वाळविले म्हणजे क्रिया थांबते. सुमारे चार-साडेचार किलो हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो.

आपण जो दाणेदार किंवा भुकटी चहा घेतो तो बहुधा सीटीसी पद्धतीचा असतो. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या या यंत्रात दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळविले जाते. दाणा बारीक असल्यामुळे त्याचा अर्क झपाट्याने उतरतो. अशा चहास दहा-दहा मिनिटे उकळण्याचे मुळीच कारण नाही, हे पुढे येईल.

कॅफिन काय करिते

मनुष्य जागा असता त्याच्या मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व ते ठराविक जागी जाऊन बसले म्हणजे झोपेची व थकव्याची जाणीव होते. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असल्यामुळे ते त्या जागा आधीच अडवून बसते. म्हणून चहा घेताच तरतरी येते. ही तरतरी नवी शक्ती नव्हे. थकवा तसाच असतो, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. भुकेचाही काहीसा तोच प्रकार होतो. रिकाम्या पोटी कोऱ्या चहावर दुपारपर्यंत काम रेटणारा मजूर शरीराकडून उचल घेत असतो, आणि उचल कधी तरी फेडावी लागतेच.

पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे निघून जावयास सुमारे पाच तास लागतात. गर्भवती स्त्रीस त्याच्या दुप्पट-तिप्पटही काळ लागतो. सायंकाळच्या चहाने रात्री झोप येत नाही ती यामुळे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर या चहाच्याच मुलखात प्रथम सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादेस आली. या संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत एका पेल्यात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन धरले असून दिवसात ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. चार पेल्यांपर्यंत पिणारा धडधाकट मनुष्य या मर्यादेच्या आत राहतो. तेव्हा कॅफिनचे भय फार बाळगण्याचे कारण नाही; मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापुरते मात्र ते अवश्य बाळगावे.

चहाचे गुणही सांगितले पाहिजेत. इंग्लंड व त्याच्या शेजारच्या मुलखातील सुमारे पाच लक्ष लोकांची माहिती अकरा वर्षांपर्यंत ठेवून २०२२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला दोन किंवा अधिक पेले काळा चहा घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा नऊ ते तेराने कमी आढळले. ते चहामुळेच घडले की त्यांच्या इतर राहणीमुळे, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. परंतु बेताचा चहा घातक नाही एवढे निश्चित दिसते.

कषाय द्रव्य व लोह

आता मुख्य विषयाकडे वळू. आपल्या जमिनीत लोहाचा तोटा नाही. तरी चुनखडीच्या रानात ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो व पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हा अनुभव पुष्कळांचा आहे. लोह जमिनीत असते, परंतु चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते व मुळास घेता येत नाही. मग आपण हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यातून फवारतो. जमिनीत असणे निराळे व पिकास मिळणे निराळे, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. हाच नियम शरीरासही लागू आहे.

बाजरी, ज्वारी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह आतड्यात विरघळून मगच रक्तात जाते. एरवीही शंभर भागांतून पाच-दहा भागच शरीरास मिळतात, कारण धान्यातील फायटेट हे द्रव्य काही लोह अडवितेच. त्यात वरून चहा आला म्हणजे चहातील कषाय द्रव्य उरलेले लोह पकडून त्याची न विरघळणारी गाठ बांधते व ती गाठ तशीच मळावाटे निघून जाते. मांसातील लोह निराळ्या आवरणात असल्यामुळे त्यास ही बाधा कमी होते. परंतु आपले बहुतेक लोह धान्याचे व भाजीचे असते.

हे अनुमान नसून प्रयोगसिद्ध आहे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली चहामुळे लोहाचे शोषण घटते असे दाखविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला असता शोषण शेकडा ७९ ते ९४ ने घटले, आणि चहात दूध घातल्याने यात विशेष फरक पडला नाही. बंगळूर येथे भारतीय तरुणींवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भाताच्या जेवणाबरोबरच्या एका पेल्याने शोषण निम्म्याच्या आसपास उतरले व दोन पेल्यांनी सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. उलट २०१७ साली इंग्लंडातील प्रयोगात जेवणानंतर एक तास थांबून चहा दिला असता ही बाधा पुष्कळ कमी झाल्याचे आढळले. राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे ते याच कारणाने.

ज्यास हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने घरीच प्रयोग करावा. काचेच्या दोन पेल्यांत बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा गाळून निववावा. एका पेल्यात कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या हिराकसाची चिमूट टाकून ढवळावे. पाहता पाहता चहा शाईसारखा काळा होईल. हा रंग खरोखर शाईचाच आहे. मायफळ किंवा हिरडा यांच्या काढ्यात हिराकस घालून शाई करण्याची रीत फार जुनी आहे, आणि जुन्या दप्तरांतील अशी अक्षरे तांबूस झालेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांस त्यातील लोखंडाची ओळख पटेल. आता त्याच काळ्या पेल्यात लिंबू भरपूर पिळावे. काळेपणा बराच उतरतो, कारण आम्ल ती गाठ सैल करिते. प्रयोग झाल्यावर दोन्ही पेले ओतून द्यावे. त्यातील पाणी कोणी पिऊ नये. जी गोष्ट पेल्यात घडते तीच भाकरीबरोबर चहा घेतला असता आपल्या पोटात घडते, फरक इतकाच की ती आपणांस दिसत नाही.

जमाखर्च

लोहाचा हिशेब साध्या वहीत मांडता येतो. पुरुषाच्या शरीरातून रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह खर्ची पडते. पाळी येणाऱ्या स्त्रीचा खर्च मासिक स्रावामुळे सरासरी दीड मिलिग्रॅमच्या घरात जातो. समजा, एका बाईच्या दिवसाच्या तीन वेळच्या अन्नात मिळून १८ मिलिग्रॅम लोह आहे आणि त्यातील शेकडा आठ भाग अंगी लागतो. म्हणजे जमा १.४४ मिलिग्रॅम. जमाखर्च जवळजवळ तोंडमिळवणी होतो. आता तिन्हीपैकी दोन वेळा भाकरी-चपाती चहाबरोबर खाल्ली व त्या वेळचे शोषण निम्म्यावर आले, तर जमा ०.९६ वर उतरते. रोजची तूट ०.५४, महिन्याची तूट सुमारे १६ मिलिग्रॅम. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ही तूट महिन्याला बत्तीस मिलिलिटर रक्ताएवढी झाली. हा हिशेब ढोबळ आहे. उणीव पडू लागली की शरीर अधिक लोह ओढू पाहते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा प्रत्येकाचा निराळा येईल. परंतु बाकी कोणत्या बाजूस पडते, हे यावरून कळते. सावकाराचे व्याज जसे रोज दिसत नाही व वर्षअखेर घर खाऊन जाते, तशी ही तूट आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांच्या अंगी रक्ताची कमतरता आढळली. याचे कारण एकटा चहा आहे असे कोणी म्हणू नये. अपुरे व एकसुरी अन्न, जंत, लागोपाठची बाळंतपणे व अतिस्राव ही कारणे मोठी आहेत. परंतु ती दूर करण्यास पैसा, काळ व वैद्य लागतात. चहाची वेळ बदलण्यास काहीच लागत नाही.

आपल्या जिल्ह्यास हा प्रश्न विशेष लागू आहे. दरवर्षी हंगामात बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि त्यांत थोड्या जमिनीचे शेतकरीही पुष्कळ असतात. पहाटेच्या अंधारात कोपीपुढे चूल पेटते, कोऱ्या चहाबरोबर रात्रीची भाकरी खाऊन कोयता फडात उतरतो. त्यातली बाई स्वयंपाक करून, मोळ्या वाहून, सर्वांचे झाल्यावर जेवते. घरी राहणाऱ्या कुटुंबांतही चहा-चपाती हाच मुलांचा सकाळचा फराळ झाला आहे. म्हशीचे दूध डेअरीत जाते व मुलाच्या वाटीत चहा येतो. दूध विकू नये असे म्हणणे व्यवहाराचे नाही. परंतु लेकराच्या वाट्याचे पावशेर दूध आधी काढून मग किटली उचलावी, एवढे तरी घरधन्याने करावे.

येथे आणखी एक विचार करण्यासारखा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व पाटणचेरू येथील इक्रिसॅट यांच्या कामातून दाण्यात अधिक लोह असलेला धनशक्ती हा बाजरीचा वाण निघाला. असे वाण काढावयास वर्षानुवर्षांची मेहनत लागते. तेवढ्या मेहनतीने दाण्यात आणलेले लोह ताटाशेजारच्या कपाने घालवावे, हे शहाणपणाचे नव्हे. आशाताई गावात ज्या लोहाच्या तांबड्या गोळ्या देतात त्यांचेही तेच. गोळी चहाबरोबर घेतली म्हणजे तिचा पुष्कळ भाग वाया गेला असे समजावे.

ज्यांच्या अंगी लोह नको तितके साठते अशा काही रोग्यांस मात्र चहाचा हाच गुण उपकारक ठरतो. द्रव्य तेच, परंतु पात्र व वेळ पाहून त्याचा गुण किंवा दोष ठरतो.

दूध, साखर व उकळणे

महात्मा गांधींनी १९४२ साली आगाखान महालातील बंदिवासात आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात चहातील टॅनिनवर आक्षेप घेतला असून कातडी कमावण्याच्या कामाचा दाखला दिला आहे. कातडी कमावण्याचे टॅनिन व चहातील द्रव्य ही अगदी एकच नव्हेत, आणि चहाने आतड्याचे चामडे होत नाही. तथापि पानांस फार उकळू नये, हे सांगणे आजही खरे आहे. बारीक दाण्यातील बहुतेक कॅफिन पहिल्या तीन-चार मिनिटांतच पाण्यात उतरते. त्यापुढे उकळल्याने तरतरी वाढत नाही. वास उडून जातो व तुरटपणा तेवढा वाढतो. जुना चोथा न काढता त्यावरच नवी पत्ती टाकून दिवसभर भांडे चुलीवर ठेवणे ही तर केवळ काटकसरीची फसवी रीत होय.

दूध घातल्याने चहा मऊ लागतो, कारण दुधातील केसीन कषाय द्रव्यास धरून ठेविते. परंतु त्यामुळे लोहाची बाधा टळत नाही, हे वर आलेच आहे. आपल्याकडील कूपनलिकेचे पाणी जड असते. त्यातील चुन्यामुळे कोऱ्या चहावर तवंग येतो व रंग मंद पडतो. यात चहाचा दोष नसून पाण्याचा गुण आहे. साखरेचा हिशेब निराळा करावा. एका कपास दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली, तर पाच कपांचे पन्नास ग्रॅम व महिन्याचे दीड किलो होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले असे सुचविले आहे. गुळाच्या चहात लोहाचा थोडा अंश असला तरी तो चहातच अडकतो. गुळाचा लाभ हवा असेल तर शेंगदाण्यांबरोबर गुळाचा खडा स्वतंत्र खावा. कढत चहा घाईने पिऊ नये. पासष्ट अंशांहून अधिक ऊन पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असे कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१६ साली ठरविले. बशीत ओतून पिण्याच्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या चालीस कोणी हसू नये.

सुट्या चहात भेसळ होते, तिची परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या टिपकागदावर पत्ती पसरून वरून पाण्याचे थेंब शिंपडावे. लागलीच गडद डाग पडले तर पत्तीस रंग दिलेला आहे असे जाणावे. चांगल्या पत्तीचा डाग एवढ्या लवकर उमटत नाही. कोरड्या पत्तीवरून लोहचुंबक फिरवावे. कीस चिकटला तर तो चहा टाकून द्यावा.

व्यवहारात काय करावे

१. जेवण, न्याहारी किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत पुढे-मागे निदान एक तासाचे अंतर ठेवावे. पहाटे उठताच चहा घेतला तर भाकरी तासाने खावी. ऊसतोडीस हे साधणार नसेल, तर भाकरी आधी खाऊन चहा फडात पहिल्या विसाव्यास घ्यावा.

२. भाकरीबरोबर चहाऐवजी ताक, पाणी किंवा वरण घ्यावे. ताटात लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा कोथिंबीर असावी. त्यांतील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण चांगले वाढते.

३. पाण्यास उकळी आल्यावर पत्ती टाकून तीन-चार मिनिटांत उतरावे व लगेच गाळावे. चोथा पुन्हा उकळू नये. तो कुजवून झाडांच्या आळ्यात टाकावा.

४. लहान मुलांस चहाची सवय लावू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी दोन पेल्यांवर जाऊ नये.

५. घरातील प्रत्येक स्त्रीचे रक्त वर्षातून एकदा तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन बाईचे बारा व गर्भवतीचे अकरा ग्रॅमपेक्षा कमी भरले तर उपचार घ्यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते, आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या दारीच आहे. रक्त फार कमी असेल तर नुसत्या चहाच्या वेळा बदलून भागणार नाही.

पाहुण्यापुढे चहा ठेवणे हा आता आपल्या आतिथ्याचा भाग झाला आहे व तो मोडावा असे आम्ही सुचवीत नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्यास मात्र ताट वाढावे व चहा उठल्यावर, घटकाभर गप्पा झाल्यावर द्यावा. यात आतिथ्य काही उणे पडत नाही. शेतात एका पिकावर दुसऱ्याची सावली पडू नये म्हणून आपण दोन ओळींत अंतर ठेवितो. भाकरी व चहा यांच्यामध्येही तसेच अंतर राखावे, आणि त्याचा आरंभ जी बाई सर्वांच्या मागून जेवते तिच्या ताटापासून करावा.